ढोलीचा आधार

मागच्या आषाढात मी माझ्याच वावराच्या धुऱ्यावरून चिखलात पडले, आणि तेही अशा मुहूर्तावर की वीसेक बाया ओळीनं वाकून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करत होत्या. एरवी रोवताना बाया मान वर करत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी एकदम केली. त्यातल्या निम्म्याहून अधिक माझ्या शाळेतून गेलेल्या. वर्गात ‘नीट उभी राहा’ हे मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल, ते त्यांनी त्या क्षणी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. हसू फुटलं ते मला ओढून धुऱ्यावर बसवल्यानंतर, आणि त्यात मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावी चप्पल मात्र सापडली नाही. धानाबरोबर तीही रोवली गेली असणार.

आरमोरीपासून काही अंतरावर आमचं गाव. नवऱ्याचं वावर सडकेला लागून आहे, तिथं मोटरसायकल जाते. माझं दीड एकर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाच्या पलीकडे. ते मला आईकडून आलेलं आणि माझ्या नावावर असलेलं. तिथं जायला शेवटी एक लांब धुरा लागतो. एका बाजूला तलावातून निघणारा नहर, दुसऱ्या बाजूला लोकांची चिखल केलेली धानाची खाचरं, आमच्या बोलीत बांध्या, आणि मधे एक पाऊल मावेल एवढा मातीचा बांध. त्याच्यावर दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकत नाहीत, त्यामुळे कोणाचा हात धरून जाण्याची सोय नाही. ज्याला जायचं त्यानं आपापल्या पायांवर जायचं. नोकरीत असतानाही रोवण्याला मी सुट्टी काढून तिथं जायचे, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बायांच्या हाताशी टाकायचे, दुपारी चहा द्यायचे. आईही हेच करायची. माझ्यासाठी वर्षाची सुरुवात पाडव्याला होत नाही, त्या धुऱ्यावर होते.

पडल्यानंतर चार-पाच महिने दुखणं अंगावर काढलं, आणि मळणी झाल्यावर गडचिरोलीच्या दवाखान्यात गुडघ्यांचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. बोलण्याचा सूर असा की मी ते उधळेपणानं वापरले. संधिवात जाणार नाही, पण सांभाळता येईल, एवढं सांगून त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी. तिनं मला एका पायावर उभं राहायला सांगितलं. मी तीन मोजेपर्यंत उभी राहिले, मग तिचाच खांदा धरला.

“काकू, दुखणं गुडघ्यात आहे, पण पडता तुम्ही तोलामुळे,” ती म्हणाली. “दुखतं म्हणून चालणं कमी केलं, चालणं कमी झालं म्हणून पाय कच्चे झाले. तोल रोज शिकवावा लागतो.”

मी जन्मभर शिकवण्याचंच काम केलं. शिकवण्यासाठी माझा स्वतःचा तोल शिल्लक राहील, असं वाटलं नव्हतं.

तिनं चित्रं काढलेला एक कागद दिला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. टाचा उचलायच्या. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं, मग एका पायावर. शेवटी भिंतीच्या कडेनं टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायचं. हे शेवटचं चित्र मी बराच वेळ पाहत राहिले. कागदावरची ती रेघ माझा धुराच होता, फक्त तिच्या एका बाजूला भिंत होती आणि माझ्या एका बाजूला नहर.

कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या. एक, सुरुवातीला जड आणि न हलणारी वस्तू दोन्ही हातांनी धरावी, पुढे एक हात, मग नुसतं बोट. दुसरी, व्यायाम करताना जवळ कोणीतरी असावं. पहिली ओळ मी मनावर घेतली. दुसरी सोडून दिली, कारण मला घरात प्रेक्षक नको होता.

घरी आल्यावर जड आणि न हलणारी वस्तू शोधली. खुर्च्या प्लास्टिकच्या, त्या आधी पडतात आणि माणूस मागाहून पडतो. फ्रिज चाकांच्या स्टॅंडवर. खाट कमी उंचीची. नवरा वजनानं चालला असता, आणि जेवणानंतर तो हलतही नाही, पण तो उठून पानठेल्यावर जाणार नाही याची हमी कोण देणार. शेवटी नजर ढोलीवर गेली.

कणगी म्हणतात बाकीच्या मुलखात, तीच आमची ढोली. बांबूच्या कमच्यांची विणलेली, आतून बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच. मार्गशीर्षात मळणी झाली की धान वरून भरायचं, तोंडावर झाकण ठेवून तेही लिंपून टाकायचं. मग वर्षभर ते तोंड उघडायचं नाही. खाली एक वीतभर भोक असतं, त्याला चिंध्यांचा बोळा. लागेल तसं तिथून धान काढायचं आणि परत बोळा मारायचा. आता गावात सगळ्यांकडे पत्र्याच्या कोठ्या आल्या. आमच्याकडे ढोली राहिली ती माझ्या हट्टानं. मधल्या खोलीत, चार दगडांवर, भरलेली. बैल लावला तरी हलली नसती.

पौषात मी सुरुवात केली. सकाळी अंघोळ करून ढोलीला दोन्ही हात लावून उभी राहायची. टाचा वर, टाचा खाली. गुडघे असे कुरकुरायचे की नवऱ्यानं पहिल्या दिवशी खाटेखाली उंदीर शोधला.

नवऱ्याला व्यायाम या गोष्टीबद्दल आदर नाही. त्याच्या मते व्यायाम शहरातल्या लोकांना लागतो, ज्यांच्याकडे वावर नाही. माझ्याकडे वावर आहे, पण तिथं जाण्यापुरता तोल नाही, हे मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, “मंग जाऊ नको. औंदा तं तू जायचंच नाई. वावर देऊ बटईनं.”

बटईनं म्हणजे दुसऱ्यानं कसायचं आणि पीक निम्मं निम्मं वाटायचं. कोणाला द्यायचं हेही ठरलेलं होतं. शेजारणीच्या नवऱ्यानं दिवाळीपासून दोनदा विचारून झालं होतं. माणसं चांगली, कष्टाळू, त्यात वाद नाही. पण एकदा बटईनं गेलेलं वावर परत येताना मी पाहिलेलं नाही. कागदावर ते माझंच राहिलं असतं. पाय मात्र दुसऱ्याचे लागले असते, आणि मी घरी बसून निम्मं धान वाटून घेणारी बाई झाले असते. मला ते नको होतं. इतकं नको होतं की मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

नवऱ्याला रडणं सोसत नाही. तो म्हणाला, “ठीक हाय. रोवण्यापर्यंत पाह्यतो. धुऱ्यावरून आपल्या पायानं गेली तं वावर तुयं. नाई तं बटईनं. मंग बोलायचं नाई.”

तर असं माझं दीड एकर एका पायावर उभं राहिलं.

शेजारीण रोज सकाळी येऊ लागली. कधी विरजण मागायला, कधी कोंबडी शोधायला. तिच्या कोंबडीला आमच्या ढोलीखालचीच जागा अंड्यांसाठी पसंत होती. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहायची, जत्रेत तारेवर चालणाऱ्याकडे पाहतात तसं.

“काऊन जी बाई, किती वेळ करून राह्यल्या?”

“तीस मोजेपर्यंत.”

“मंग का होते?”

“मंग दुसरा पाय.”

यावर तिच्या चेहऱ्यावर निराशा यायची. ती मी पडण्याची वाट पाहत होती असं मी म्हणणार नाही. पण मी पडले असते तर तिनं मनापासून हळहळून सगळ्या गावाला सांगितलं असतं, आणि तिच्या नवऱ्यानं त्याच संध्याकाळी नांगर पाजळला असता.

दुसरा प्रेक्षक म्हणजे नवरा. माझा व्यायाम सुरू झाला की तो सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. तिथून खोलीत येणारा एकमेव उजेड त्याच्या पाठीनं अडायचा. मी रोज सांगायचे, “उजेड सोडा.” तो म्हणायचा, “हौ,” आणि हलायचा नाही. काही विचारायचा नाही, काही बोलायचा नाही, माझ्याकडे धड बघायचाही नाही. नुसता खर्रा चोळायचा. इतका जवळ बसायचा की पाय मागे घेताना माझी टाच त्याच्या गुडघ्याला लागायची. घरात आणि अंगणात मिळून बसण्याच्या दहा जागा असताना हा माणूस नेमका माझ्याच पायात का येतो, हा प्रश्न मला पौषापासून ज्येष्ठापर्यंत पडला.

फाल्गुनात मी दोन हातांवरून एका हातावर आले. वैशाखात, घराबाहेर तेंदूपत्ता जमा करण्याच्या फडीवर लोकांची धावपळ चाललेली असताना, मी टाचेला अंगठा लावून ढोलीभोवती फिरू लागले. ज्येष्ठात एका पायावर तीस मोजू लागले, उजवा तळवा ढोलीवर नुसता ठेवून. गुडघे दुखायचे थांबले नाहीत. पण पहाटे अंगणात जाताना भिंत चाचपायची सवय मोडली, आणि ती कधी मोडली ते कळलंही नाही. याचं सगळं श्रेय मी ढोलीला दिलं. तळव्याखाली ती थंड, खरखरीत, अढळ. आतलं धान जणू माझ्याच बाजूनं उभं होतं. तिला मी आषाढी एकादशीला हळदीकुंकूही लावलं, आणि नवऱ्यानं ते पाहून खोकल्यासारखं काहीतरी केलं.

पहिला मोठा पाऊस होऊन गेला, बांध्यांत पाणी साचलं, चिखलणी सुरू झाली. रोवण्याला आठेक दिवस राहिले असतील. मी सकाळी ढोलीला तळवा लावून डाव्या पायावर उभी होते. मोजणी बारावर आली होती. नवरा उंबऱ्यावर. तेवढ्यात शेजारीण कोंबडीच्या मागं आत आली.

“बाई, खाली अंडं दिसून राह्यलं जी. माया हात नाई पुरत.”

“थांब, माझे तीस होऊ दे.”

थांबणं तिच्या स्वभावात नाही. तिनं ढोलीला खांदा लावला आणि ढकलली. ढोली दगडांवरून सरकत, घसरत, हातभर पलीकडे गेली. एका बाईच्या एका खांद्यानं.

माझा तळवा होता तिथंच राहिला, हवेत. आणि मी डाव्या पायावर उभीच होते. तोंडानं तेरा म्हटलं, चौदा म्हटलं, पंधरा म्हटलं. शेजारीण अंडं हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मग माझं लक्ष ढोलीकडे गेलं. ती सरकली होती. म्हणजे ती रिकामी होती. हे कळल्याबरोबर माझा डावा पाय कापडाचा झाला आणि मी मागं कोसळले. जमिनीवर नाही. नवऱ्याच्या अंगावर. त्याचा खर्रा सगळ्या खोलीत उधळला.

“मायबाई,” शेजारीण म्हणाली, आणि अंडं घेऊन तातडीनं निघून गेली. ही बातमी तिच्या पोटात मावणारी नव्हती.

मी नवऱ्याला विचारलं, “धान कधी सरलं?”

“जेठाच्या सुरवातीले.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू तिले धरली नसती.” तो जमिनीवरची सुपारी वेचत होता. “अन् तू तं उभी राह्यत होती. मंग कायले सांगाचं?”

धान काढून गिरणीवर नेण्याचं काम त्याचं. मी भात शिजवणारी, मला डब्यातला तांदूळ दिसायचा. आतलं धान महिन्यामागून महिने खाली बसत गेलं आणि वरचं लिंपण जसंच्या तसं राहिलं, त्यामुळे मला ती भरलेलीच वाटत राहिली. त्यातली दोन पोती तर नागपूरला लेकाकडे गेली, तीही मीच पाठवायला लावली होती. एवढं सगळं मला ठाऊक होतं. ते जोडून पाहायचं तेवढं राहिलं होतं. गणित शिकवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं तालुक्यात.

दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. आपल्याला महिनाभर फसवलं गेलं याचा राग होता. तो फसवताना बरोबर होता याचा त्याहून जास्त. दुसरीकडे माझ्या पायांनी संप पुकारला. ढोली नवऱ्यानं जागेवर सरकवून ठेवली, मी तळवा ठेवला, पाय उचलला, आणि तीन मोजायच्या आत लटपटले. सहा महिन्यांची कमाई त्या एका धक्क्यानं गेली. आदल्या दिवशी ज्या रिकाम्या ढोलीवर तीस होत होते, त्याच रिकाम्या ढोलीवर आता तीन होत नव्हते. तिच्यात काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते मला कळलेलं.

शेजारणीनं वाटेत गाठून विचारलं, “मंग वावराचं का ठरलं, बाई? आमचे हे विचारत होते. पऱ्हे तयार हायेत आमचे जास्तीचे.”

ती वाईट हेतूनं बोलली नाही. पण घरी येऊन मी दार लोटलं आणि तळवा ढोलीवर ठेवून उभी राहिले. रिकामी तर रिकामी. चार झाले. मग सात. बोटानं ठोकलं तर लिंपण पोकळ वाजलं, ते मुद्दाम वाजवून पाहिलं आणि परत पाय उचलला. नवरा येऊन उंबऱ्यावर बसला, उजेड गेला. त्या दिवशी मी ‘उजेड सोडा’ म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी वीस झाले. तीस झालेच नाहीत, आणि रोवण्याचा दिवस उजाडला.

बाया पहाटेच गेल्या होत्या, शेजारीणही त्यांच्यातच. दुपारी मी आणि नवरा चहा घेऊन निघालो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, तलाव काठोकाठ, धुऱ्यावरची माती तुपासारखी. मी चपला काढून हातात घेतल्या. मागच्या वर्षीच्या एका चपलेचा अनुभव गाठीशी होता. चहाची कॅन नवऱ्याजवळ.

“तुमी व्हा समोर,” मी म्हटलं.

“तू हो. मी मांगं राह्यतो.”

मला वाटलं, याला नीट दिसायला हवं. आपण जिंकलो की हरलो, ते पहिल्या रांगेतून पाहायचं असेल. मी पुढे झाले.

लोकांच्या बांध्या संपेपर्यंत धुरा बरा गेला. टाच, अंगठा. टाच, अंगठा. मग ती जागा आली, जिथं माझं वावर लागतं आणि जिथं मी गेल्या वर्षी पडले होते. तिथं धुरा किंचित खचलेला आहे. उजवा गुडघा आतून भाल्यासारखा दुखला आणि पाय थांबला. एका बाजूला नहराचं पाणी गढूळ, जोरात. दुसऱ्या बाजूला बायांची ओळ, आणि तिच्यातली प्रत्येक मान वर. मला खरोखर भीती वाटली. वावर जाण्याची नाही, पडण्याची नाही. घरी परत जाऊन मधल्या खोलीत बसण्याची.

आणि माझा उजवा हात आपसूक वर आला. छातीच्या उंचीवर, बाजूला, तळवा आडवा. तळव्याला ते खरखरीत लिंपण लागलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पाय सुटला. टाच, अंगठा.

“बाई,” ओळीतून शेजारीण ओरडली, “हात कायले तसा धरून ठेवला जी? कोणाले धरून राह्यल्या?”

“ढोलीले,” मी म्हटलं.

बाकीच्या बायांना काही कळलं नाही, त्या हसल्या. शेजारणीला कळलं. ती सगळ्यांच्या आधी खाली वाकली आणि रोवू लागली, माझ्या वावरात, माझे पऱ्हे.

धुरा संपला तिथं मी वळले. नवऱ्याला काहीतरी ऐकवायचं होतं. सहा महिने साठवून ठेवलेलं होतं. तो माझ्या मागं वीतभर अंतरावर होता. कॅन एका हातात, वाकडी झालेली. दुसरा हात पुढे, बोटं उघडी, माझ्या पाठीपासून इतका जवळ की मी वळल्यावर तो माझ्या खांद्याला लागला. अख्ख्या धुऱ्यावरून तो तसाच चालत आला होता. आणि तेव्हा मला तो कागद आठवला, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला, आणि त्याच्या तळाची दुसरी ओळ, जी मी सोडून दिली होती. ती त्यानं वाचली होती. पौषातच वाचली होती. म्हणून उंबरा, म्हणून माझ्या पायात, म्हणून उजेड न सोडणं.

त्यानं हात चटकन मागे घेतला आणि खिशात खर्रा शोधू लागला. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल इतकं भरून आलं की जे सुचलं ते मी बऱ्याच मोठ्यानं बोलले.

“कॅन नीट धरा, चहा सांडून राह्यला.”

“हौ,” तो म्हणाला, आणि त्यानं कॅन दोन्ही हातांनी धरली.